मूल वैतागलंय, हे संगणकाला कळतं कसं?

‘मुलाचा मूड ओळखून शिकवणारं ॲप’ अशा जाहिराती आता शाळेच्या फाटकासमोरच्या फलकांवरही दिसू लागल्या आहेत. त्याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं मोठी होती, म्हणून प्रश्नाला लागेल तेवढाच मजकूर ठेवला आहे.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. गणिताच्या सरावाचं एक ॲप दाखवायला विक्रेते घरी आले होते. टॅबचा पुढचा कॅमेरा चेहरा बघून ती आनंदी आहे, घाबरली आहे की दुःखी आहे ते ओळखतो आणि त्याप्रमाणे धडा बदलतो, असं ते म्हणाले. वर्षाचे पैसे आधी भरायचे आहेत. हे खरंच होतं का?
(पालक, नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्याला चेहऱ्याची हालचाल दिसते. भुवया जवळ आल्या, ओठ आवळले, मान कलली, एवढंच तो टिपतो. त्या हालचालीला ‘राग’ किंवा ‘भीती’ हे नाव सॉफ्टवेअर देतं, आणि घोटाळा होतो तो तिथे. अवघड उदाहरण मन लावून सोडवणाऱ्या मुलीच्या भुवया आक्रसतात, तशाच खिडकीतून उन्हाची तिरीप आली तरी आक्रसतात. २०१९ साली मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून आतली भावना खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या आपल्या सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून टाकली.

शिवाय विक्रेत्यांनी सांगितलेली यादी अभ्यासाला लागू पडणारी नाही. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य ही यादी वेगळ्याच संशोधनातून आली आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना कुणाला किळस येत नाही. गणिताची धास्ती असते, पण ती सिनेमातल्या भीतीसारखी चेहऱ्यावर उमटत नाही. अभ्यासाला बसलेल्या मुलांमध्ये वारंवार दिसतात त्या मुख्यतः चार अवस्था : तल्लीन होणं, गोंधळणं, वैतागणं आणि कंटाळणं. विक्रेत्याच्या तोंडी यांतला गोंधळ किंवा वैताग आलाच नाही, तर ते उत्पादन अभ्यासासाठी बनवलेलं नाही असं खुशाल समजा.

पैसे भरण्याआधी पंधरा मिनिटं खर्च करा. टॅबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची कॅमेऱ्याची परवानगी बंद करा. आता स्वतः बसून पाच सोपी उदाहरणं मुद्दाम चुकवा, पण प्रत्येकाला अर्धा मिनिट घ्या, जणू विचार करताय. नंतर पुढची पाच दोन-दोन सेकंदांत वाटेल तो पर्याय दाबून चुकवा. पहिला प्रकार गोंधळलेल्या मुलाचा, दुसरा कंटाळलेल्या मुलाचा. ॲपने दोन्ही वेळा एकच ‘पुन्हा प्रयत्न कर’ दाखवलं, तर त्याला मुलाच्या मनातलं काही कळत नाही, कॅमेरा चालू असो की बंद. पहिल्या वेळी उदाहरणाचे तुकडे पाडून दिले आणि दुसऱ्या वेळी प्रश्नाचा प्रकार किंवा पातळी बदलली, तर ते विचारात घ्यायला हरकत नाही. कॅमेऱ्याची परवानगी मात्र बंदच ठेवा. घरातला उजेड, पोटावर झोपून टॅब बघायची सवय, गालावर टेकवलेला हात, यांमुळे एरवीही निम्मा वेळ कॅमेऱ्याला धड चेहरा मिळत नाही.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. ॲपमधलं हिंटचं बटण तो टकटक दाबत सुटतो. चौथ्या-पाचव्या वेळी उत्तरच येतं, ते टाकून पुढे जातो. आठवड्याच्या अहवालात मात्र ‘उत्तम एकाग्रता’ असं येतं. त्याला रागवावं की ॲप बदलावं?
(पालक, कोल्हापूर)

उत्तर : रागवू नका. ही पळवाट जगभरच्या मुलांना सापडली आहे. संशोधक रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात बनलेल्या, गणित शिकवणाऱ्या संगणक-प्रणालीवर काम करणाऱ्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. हिंट उपसून किंवा अंदाजपंचे पर्याय दाबून पुढे सरकणारी मुलं कमी शिकली. शेजाऱ्याशी गप्पा मारण्यापेक्षा ही सवय शिकण्याला जास्त मारक ठरली. पुढे २०१० मध्ये बेकर, सिडनी डिमेलो, मनिलाच्या मर्सिडीज रॉड्रिगो आणि आर्थर ग्रेसर यांनी तीन वेगवेगळ्या प्रणालींवरच्या मुलांची निरीक्षणं एकत्र मांडली. त्यात कंटाळा सगळ्यांत चिवट निघाला. एकदा आला की टिकतो, आणि त्याच्या पाठोपाठ पळवाट येते. वैताग त्यामानाने लवकर ओसरतो.

अहवाल खोटं का बोलतो? कारण अशा ॲपमध्ये बहुधा ‘मिनिटाला किती प्रश्न संपले’ हे मोजून त्यालाच एकाग्रता म्हटलेलं असतं. पळवाटेने प्रश्न भराभर संपतात. खरं मोजमाप दोन हिंटांमधल्या वेळाचं असायला हवं. दोन ओळींची हिंट वाचायला पाच-सहा सेकंद लागतात. सेकंदाभरात पुढचा टक आला, म्हणजे हिंट वाचलीच नाही. चांगल्या ॲपमध्ये पुढची हिंट काही सेकंद बंद राहते, आणि शेवटच्या हिंटेपर्यंत गेलेल्या मुलाला तसंच दुसरं उदाहरण वेगळ्या आकड्यांसह पुन्हा येतं. बेकर यांच्या गटाने ‘स्कूटर’ नावाचं कुत्र्याचं पिल्लू पडद्यावर आणलं होतं. मूल नीट काम करत असलं की ते खूश, पळवाट काढली की नाराज, आणि ज्या पायऱ्या मुलाने गाळल्या त्यांवरची जादा उदाहरणं ते द्यायचं. शिकण्यातला फायदा दिसला तो ही जादा उदाहरणं मिळालेल्या मुलांमध्ये. पिल्लाच्या नाराजीपेक्षा त्या उदाहरणांकडे बघा.

घरी हे करा. हिंट उपसून सोडवलेल्या उदाहरणातले आकडे बदला आणि तेच टॅब बाजूला ठेवून वहीत करायला सांगा. सहज जमलं, तर त्याला ते आधीच येतंय आणि तो कंटाळलाय, पातळी वाढवा. जमलं नाही, तर त्याच घटकाचं मागच्या इयत्तेतलं एक उदाहरण द्या. तेही अडलं, तर पाया कच्चा आहे आणि ॲप त्याला नको तिथून शिकवतंय. कंटाळलेलं आणि पाया कच्चा असलेलं, दोन्ही मुलं पडद्यावर सारखीच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत सातवीला ३१ मुलं आणि ८ टॅब आहेत. एका टॅबवर चौघं बसतात. भावना ओळखणारं ॲप आमच्या कामाचं आहे का?
(शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही. चौघं एका टॅबवर असली की ॲपच्या नोंदींमधून, म्हणजे कधी काय दाबलं यावरून, काहीच कळत नाही. दीड मिनिट काही दाबलं गेलं नाही, तर ॲपला वाटतं मूल अडलंय; प्रत्यक्षात चौघं वाद घालत असतात, आणि त्या वर्गातला तो सगळ्यांत मोलाचा वेळ असतो. उत्तर पटकन आलं, तर ते चौघांना येत होतं की एकीलाच, हेही कळायला मार्ग नाही.

पण संशोधक ज्या पद्धतीने संगणकाला शिकवतात, ती पद्धत तुम्ही कागद-पेन्सिलीवर वापरू शकता. बेकर आणि रॉड्रिगो यांच्या चमूने ती घडवली. आधी मुलांचा क्रम ठरवून घ्या, म्हणजे हात वर करणाऱ्या नेहमीच्या चार मुलांकडेच लक्ष जाणार नाही. एका मुलाकडे जास्तीत जास्त २० सेकंद बघायचं, तेही थेट नाही, दुसरीकडे बघितल्यासारखं करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून. बाई समोर उभ्या राहिल्या की मूल पुस्तकात डोकं घालतं, आणि मग दिसतं ते बाईंच्या धाकाचं चित्र. जी अवस्था पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती लिहायची आणि पुढच्याकडे जायचं. त, गो, वै, कं अशी चार अक्षरं पुरतात. ठरवता आलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका. ओढूनताणून अक्षर देऊ नका. ३१ मुलांची एक फेरी साधारण दहा-अकरा मिनिटांत होते, म्हणजे एका तासिकेत तीन.

काय बघायचं? कंटाळलेलं मूल रेलतं, नजर भटकते, वस्तूंशी चाळा चालू असतो. वैतागलेलं मूल खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडतं, सुस्कारा टाकतं, टॅबवर जोरात बोट आपटतं. गोंधळलेलं मूल मागचं पान उलटतं, शेजारणीच्या वहीत डोकावतं, डोकं खाजवतं. तल्लीन मूल पुढे झुकलेलं असतं आणि बाकीच्या गलक्याकडे त्याचं लक्ष नसतं. एका खुणेवर विसंबू नका; मूल काय करतंय, काय बोलतंय आणि आधीच्या मिनिटात काय घडलं, तिन्ही मिळून ठरवा.

आता यापुढचं सगळ्यांत महत्त्वाचं. गोंधळ हा दोष नाही. डिमेलो आणि ग्रेसर यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या आराखड्यात गोंधळ हा फाटा आहे. मूल तल्लीन असतं, काहीतरी अपेक्षेबाहेर येतं, ते गोंधळतं. गोंधळ सुटला तर पुन्हा तल्लीन होतं, आणि त्या वाटेवर शिकतं. सुटला नाही तर वैतागतं, आणि वैताग लांबला तर कंटाळून सोडून देतं. म्हणून ‘गो’ दिसल्याबरोबर उत्तर सांगायला धावू नये. पुढच्या फेरीत, म्हणजे दहा मिनिटांनी, त्याच मुलाला पुन्हा ‘गो’ आला किंवा ‘वै’ आला, तर मदत करा, आणि मदत म्हणजे पुढची एक पायरी, पूर्ण उत्तर नव्हे. दोन फेऱ्या सलग ‘कं’ आलेल्या मुलाला मात्र ताबडतोब वेगळं काम द्या. वाट बघून कंटाळा जात नाही.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चौघे आहोत. इंटरनेटवर मिळालेल्या चेहऱ्यांच्या फोटोंवर मॉडेल तयार केलं. संगणकावर अचूकता ९० टक्क्यांच्या वर आली, पण शेजारच्या शाळेत नेलं तर सगळीच मुलं ‘उदास’ दाखवतंय. काय चुकलं?
(विद्यार्थी, पुणे)

उत्तर : फोटो चुकले. असे बरेच संच ‘आता राग दाखवा’ असं सांगून काढलेले किंवा जाहिराती-चित्रपटांतून वेचलेले असतात. काम करत असलेल्या मुलाचा चेहरा खाली झुकलेला आणि जवळजवळ निर्विकार असतो. तुमच्या मॉडेलने असा चेहरा ‘उदास’ या नावाखालीच पाहिला असणार. जास्त फोटो घालून हे सुटणार नाही.

प्रकल्पाची दिशा बदलायला अजून वेळ असेल, तर कॅमेरा सोडा आणि नोंदींवर काम करा. तुमच्या जवळचंच उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीत रामकुमार राजेंद्रन, श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या मोनाश विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी माइंडस्पार्क या गणित शिकवणाऱ्या प्रणालीच्या नोंदींवरून मुलांचा वैताग ओळखण्याचं काम केलं आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी आधी व्याख्या धरली : ध्येयाच्या वाटेत अडथळा आला की वैताग येतो. मग मुलाची ध्येयं कोणती ते प्रणालीतूनच काढलं. सलग काही उत्तरं बरोबर आली की बक्षीस मिळणार असतं. दोन बरोबर आली आणि बक्षिसाच्या तोंडाशी तिसरं चुकलं, तर ती चूक पहिल्याच प्रश्नातल्या चुकीपेक्षा जास्त झोंबते. अशी विचारपूर्वक घडवलेली पाच-सात वैशिष्ट्यं (म्हणजे मॉडेलला पुरवायची मोजमापं) यंत्राने ओरबाडलेल्या शंभरांपेक्षा सरस ठरतात, कारण मॉडेलने ‘वैताग’ म्हटलं तर तो कशामुळे, हेही हाती लागतं आणि मग त्यावर उत्तर देता येतं.

कामाचा क्रम असा ठेवा. वर शिक्षिकेच्या प्रश्नाला दिलेली २० सेकंदांची निरीक्षण-पद्धत शिका आणि दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न विचारता, त्याच मुलांची नोंद करा. दोघांचं किती जुळतं ते कप्पा या मापाने तपासा. योगायोगाने जुळलेलं वगळून उरलेली जुळणी ते सांगतं. या पद्धतीत निरीक्षक म्हणून मान्यता मिळायला तो किमान ०.६ लागतो. नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा दोघांनीही शंभरातल्या ८० नोंदी ‘तल्लीन’ आणि २० ‘इतर’ अशा केल्या. निव्वळ योगायोगानेच ६८ जुळतात. प्रत्यक्षात ८४ जुळल्या तर कप्पा फक्त ०.५ येतो, ०.६ ओलांडायला ८८ जुळाव्या लागतात.

मग घड्याळं. हा किरकोळ वाटणारा भाग प्रकल्प बुडवतो. शाळेतले टॅब महिनोन्‌महिने इंटरनेटला जोडलेले नसतात आणि त्यांचं घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढेमागे असतं. तुमची नोंद १०:१४:२० ची, टॅबची १०:१६:५०. मग मुलाचा वैताग भलत्याच उदाहरणाला चिकटतो आणि मॉडेल काहीच शिकत नाही. दर सत्राच्या आधी प्रत्येक टॅबचा तुमच्या घड्याळाशी फरक सेकंदांत लिहून ठेवा.

वैशिष्ट्यं त्या २० सेकंदांतली आणि त्याआधीच्या मिनिटातली काढा : पहिल्या कृतीला लागलेला वेळ, दोन कृतींमधलं अंतर, त्या मुलाच्या स्वतःच्या नेहमीच्या वेगाच्या मानाने ते किती, लागोपाठ चुका, हिंटा, हिंट वाचायला घेतलेला वेळ, आणि त्याच प्रकारच्या मागच्या उदाहरणांत काय झालं. मॉडेल शिकवायचा आणि तपासायचा असे दोन गट करताना नोंदी सरमिसळ वाटू नका, मुलं वाटा. एकाच मुलाच्या काही नोंदी शिकण्यात आणि काही परीक्षेत गेल्या, तर मॉडेल भावना शिकत नाही, ते मूल ओळखायला शिकतं. तुमचे ९० टक्के त्यातूनच आले नाहीत ना, तेही बघा.

एवढं करून मॉडेल आणि निरीक्षक यांच्यातला कप्पा ०.२ ते ०.४ च्या दरम्यान येईल. निराश होऊ नका. बीजगणित शिकवणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या संगणक-प्रणालीवर बेकर यांच्या चमूने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातही आकडे याच घरातले आहेत. एका मुलाच्या एका क्षणाबद्दल ठाम बोलायला हे अपुरं आहे, पण ‘या धड्याच्या चौथ्या उदाहरणावर बरीच मुलं वैतागतात’ हे सांगायला पुरेसं आहे. आणि पुण्यातल्या शाळेत शिकवलेलं मॉडेल भोर-वेल्ह्यातल्या शाळेत तपासल्याशिवाय तिथे वापरू नका. अमेरिकेत असिस्टमेंट्स या प्रणालीवर २०१४ साली हेच तपासलं गेलं; शहरी मुलांवर घडवलेलं मॉडेल ग्रामीण मुलांसाठी नीट चाललं नाही.

प्रश्न : मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आम्ही सरावाचं ॲप करतोय. मूल अडलं की ‘काळजी करू नकोस, तू हुशार आहेस!’ असा संदेश आवाजासह येतो. मुलं तो ऐकण्याआधीच बंद करतात. संदेश कसे लिहावेत?
(ॲप बनवणारा गट, ठाणे)

उत्तर : ‘तू हुशार आहेस’ आजच काढा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं पुढच्या अपयशानंतर कच खाताना दिसली. मेहनतीची स्तुती ऐकलेली टिकून राहिली. कारण सरळ आहे. हुशार असून जमलं नाही, म्हणजे मी हुशार नाही, असा अर्थ मूल काढतं.

बोलणाऱ्या संगणक-शिक्षकाचा नीट तपासलेला प्रयोग मेम्फिस विद्यापीठातल्या ऑटोट्यूटरचा आहे. त्याच्या भावना ओळखणाऱ्या आवृत्तीचे दोन स्वभाव केले होते. एक समजुतीने घेणारा, अडचणीचं खापर विषयाच्या अवघडपणावर फोडणारा. दुसरा खडसावणारा, खापर विद्यार्थ्यावर फोडणारा. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत समजुतीने घेणाऱ्या शिक्षकाचा फायदा फक्त विषय कमी येणाऱ्यांना झाला, आणि तोही दुसऱ्या सत्रात. ज्यांना आधीपासून बरंच येत होतं, त्यांना झाला नाही. यावरून आमचा सल्ला : ज्या मुलाची बहुतेक उत्तरं बरोबर येताहेत त्याच्याशी ॲपने गप्प राहावं, आणि ज्याला खरंच जड जातंय त्याच्याशीही एका बैठकीत दोन-तीनदाच बोलावं.

मराठीची आपली एक अडचण आहे, ती भाषांतर केलेल्या ॲपमध्ये कायम दिसते. ‘तू चुकलास’ लिहिलं की मुलींना ते परक्याला उद्देशून वाटतं, आणि ‘चुकलास/चुकलीस’ असं तिरक्या रेघेने लिहिलं की सरकारी अर्ज वाटतो. वाक्य मुलावर न ठेवता उदाहरणावर ठेवा, म्हणजे लिंगाचा प्रश्नच येत नाही. ‘कंसाबाहेर वजा आहे. आतल्या कोणत्या चिन्हांवर त्याचा परिणाम होईल?’ किंवा ‘इथे बरेच जण अडतात. आधी फक्त छेद सारखे करून बघ.’ ‘तुम्ही’ नको. आठवीपर्यंतच्या मुलाला ते शाळेच्या नोटिशीसारखं लागतं. एक संदेश पंधरा शब्दांच्या आत ठेवा. यांत्रिक आवाज नको. सपाट सुरातलं ‘वा, छान!’ मुलांना चिडवल्यासारखं वाटतं. आवाज हवाच असेल तर माणसाकडून ध्वनिमुद्रित करून घ्या.

आणि संदेश पाठवण्याआधी चूक गणिताची आहे की मराठी आकड्यांची, हे तपासा. ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ टाकणारं मूल गणितात गोंधळलेलं नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ या सगळ्यांत हाच फटका बसतो. ऐकवलेल्या आकड्यात नेमका दहाचा फरक पडला, की ती चूक वेगळ्या खान्यात नोंदवा आणि आकडा पडद्यावर लिहून दाखवा. धीर द्यायची तिथे गरजच नाही.

प्रश्न : मूल चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटशी बोलून अभ्यास करतं. त्याला वैताग कळतो का?
(पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुलाने टाइप केलं तेवढाच. ‘काय कळत नाहीये यार’ लिहिलं तर समजुतीचं उत्तर येईल. पण बहुतेक मुलं कळलं नसताना ‘ओके’ लिहितात आणि बॉट पुढे जातो. फोटो काढून किंवा कॅमेऱ्यातून दाखवल्याशिवाय तो हातातल्या वहीवरची खाडाखोड बघू शकत नाही. उपाय एकच : ‘ओके’ लिहिण्याआधी तीच गोष्ट आपल्या शब्दांत दोन ओळींत टाइप करायची आणि ‘यात काय चुकलं ते सांग’ असं विचारायचं.

प्रश्न : मुलं जर्मनीत शाळेत आहेत. युरोपात वर्गात भावना ओळखायला बंदी आहे असं ऐकलं. मग भारतात?
(पालक, म्युनिक)

उत्तर : युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातली ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. चेहरा, आवाज यांसारख्या शारीरिक खुणांवरून शिक्षणसंस्थेत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी प्रणाली वापरता येत नाही. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. उत्तरं आणि चुका यांच्या नोंदींवरून धडा बदलणं या बंदीत येत नाही. भारतात अशी थेट बंदी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, पण शाळांना शैक्षणिक कामापुरती सवलत नियमांत ठेवली आहे. म्हणून भारतातल्या पालकांनी शाळेच्या संमतीपत्रात ‘चित्रफीत’, ‘चेहरा’, ‘बायोमेट्रिक’ हे शब्द शोधावेत आणि तेवढ्या भागाला लेखी नकार द्यावा. सराव-ॲपचं काम त्यावाचून अडत नाही.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी मुलं आहेत. ताण मोजणारे मनगटी पट्टे दोनशे मुलांसाठी घ्यावेत का? संगणकावरचा सराव त्यानुसार बदलेल असं सांगतात.
(क्लासचालक, लातूर)

उत्तर : घेऊ नका. यांतले बरेच पट्टे त्वचेतून जाणारा सूक्ष्म प्रवाह मोजतात. घाम वाढला की त्वचेची वाहकता वाढते. यातून मूल उत्तेजित आहे एवढंच कळतं. उत्तर सापडल्याच्या आनंदानेही आलेख चढतो आणि पेपर कोरा दिसल्याच्या धसक्यानेही. प्रतिसाद एक ते तीन सेकंद उशिरा येतो, म्हणून भराभर प्रश्न सोडवताना तो कोणत्या प्रश्नाचा, हे ठरत नाही. पट्टा सैल असेल, हात हलला, नुकताच जिना चढून आले, तर आकडे बदलतात. आणि लातूरच्या एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या रांगेतली मुलं ‘शांत’ आणि भिंतीकडची ‘तणावग्रस्त’ दिसतील.

हे आधी करून झालेलं आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बेव्हर्ली वुल्फ आणि इव्होन अरोयो यांच्या गटाने २००८-०९ च्या सुमाराला वायांग आउटपोस्ट या गणित शिकवणाऱ्या संगणक-प्रणालीसोबत चार संवेदक शाळेत नेले : कॅमेरा, दाब ओळखणारा माउस, बसण्याची ढब टिपणारी खुर्ची आणि असाच मनगटी पट्टा. त्याच प्रयोगांत मुलांना दर काही मिनिटांनी, दोन उदाहरणांच्या मध्ये, सरळ विचारलंही जायचं : आत्ता किती वैताग आलाय, एक ते पाच. पट्ट्यांवर खर्च न करता हा प्रश्न तुम्हाला आजपासून विचारता येईल. तो उदाहरणाच्या मध्येच विचारू नका, लागलेली तंद्री मोडते. उत्तर इतर मुलांना दिसू नये, आणि गुणपत्रिकेशी किंवा पालकसभेशी त्याचा संबंध जोडू नये. जोडलात तर दुसऱ्या दिवसापासून सगळी मुलं ‘एक’ लिहितील.

वाचलेले पैसे मुलाच्या पातळीला बसणाऱ्या प्रश्नांवर घाला. दिल्लीत माइंडस्पार्कच्या केंद्रांवर ६१९ मुलांवर झालेल्या, चिठ्ठ्या टाकून गट केलेल्या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) जादा प्रगती दिसली. तिथे प्रत्येक मूल स्वतःच्या पातळीवरचे प्रश्न सोडवत होतं, इयत्तेच्या नव्हे. तुमच्याकडे भौतिकशास्त्राचा पेपर दोनशे मुलांना एकच जातो. त्याच्या जागी तीन पातळ्यांचे संच करा, आणि संच ठरवताना मागच्या पेपरातल्या गुणांबरोबर त्या एक-ते-पाचच्या उत्तराकडेही बघा. गुण कमी आणि वैताग ‘पाच’ असेल तर संच एक पायरी खाली आणा. गुण जास्त आणि वैताग ‘एक’ असेल तर वर न्या. गुण कमी आणि वैतागही ‘एक’ अशी मुलं निघाली, तर त्यांना वेगळं बसवून विचारा. त्यांनी बहुधा प्रयत्न करणंच सोडलेलं असतं, आणि ते कोणत्याही पट्ट्यावर दिसत नाही.